बागेच्या कचऱ्याचं कंपोस्ट फुलांच्या कुंडीत का फसतं, आणि ते कसं सुधारायचं

अमळनेरच्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांच्या बचत गटाची छोटी रोपवाटिका आहे. गावातल्या कॉलन्यांमधली छाटणी, वाळका पाला आणि लॉनचं गवत ट्रॉलीने त्यांच्या दारात येऊन पडतं. त्याचं त्यांनी कंपोस्ट केलं आणि मातीचा कणही न घालता निव्वळ त्यातच पिटुनिया, झेंडू आणि शेवंती लावली. पहिले पंधरा दिवस रोपं तरारली. मग पानांच्या कडा करपल्या, पिटुनियाचे शेंडे पिवळे पडले, पिशवीतलं कंपोस्ट तीन बोटं खाली बसलं आणि पाणी घातलं की वर तळं साचायला लागलं. त्या विचारतात, "खत चांगलं कुजलंय, वास पहिल्या पावसाच्या मातीसारखा येतो, मग चुकतंय कुठे? विकतचं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) बंद करून यावरच भागेल का?"

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. कोकोपीट पूर्ण बंद होणार नाही, पण कुंड्या-पिशव्यांसाठी लागणारं निम्म्याहून खाली नक्की येईल. तुमचं खतही बिघडलेलं नाही. खत म्हणून ते उत्तमच असेल. तुम्ही खताला माध्यमाचं, म्हणजे मातीच्या जागी कुंडीत भरायच्या मिश्रणाचं काम सांगितलंत, तिथे अडलं. शेतात हेच कंपोस्ट एकरी चार-पाच ट्रॉली टाकलं तरी मातीच्या मानाने ते मूठभरच असतं. मुळाला एका जागी खारट लागलं तर ते दुसरीकडे वळतं. सहा इंची पिशवीत वळायला जागा नसते. आहे त्यातच श्वास घ्यायचा, आहे तेच पाणी प्यायचं.

सरकारी मोजमापातही हा फरक दिसतो. खत नियंत्रण आदेशात शहरी कंपोस्टची क्षारता, म्हणजे आपण मीटरवर बघतो ती ईसी, ४ डेसिसीमेन्स प्रति मीटरपर्यंत (पुढचे ईसीचे आकडेही याच एककात) चालते आणि घनता घनसेंटिमीटरला १ ग्रॅमच्या आत असली की पुरते. मातीत मिसळायच्या खतासाठी हे ठीक आहे. कुंडीतलं चांगलं माध्यम याच्या निम्म्यापेक्षाही हलकं लागतं, साधारण ०.४ ग्रॅमच्या आत, आणि क्षार तर त्याहून कितीतरी कमी लागतात. तेव्हा पिशवीवर 'प्रमाणित कंपोस्ट' लिहिलेलं असलं तरी ते थेट कुंडीत भरू नका.

मी हे काम वीस-बावीस वर्षं करतोय आणि क्रम एकच ठेवतो: आधी हवा, मग क्षार, मग सामू (पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप), आणि अन्न सगळ्यात शेवटी. बहुतेक जण उलट्या टोकाने सुरू करतात. रोप पिवळं दिसलं की आधी खताची पुडी सोडतात, आणि आधीच खारट असलेल्या कुंडीत आणखी मीठ पडतं.

हवेपासून सुरू करू. भांडी घासायचा नवा चौकोनी स्पंज घ्या. बादलीत पूर्ण बुडवून काढा आणि तळहातावर आडवा धरा. पाणी ठिबकेल, मग थांबेल. थांबल्यावर तोच स्पंज न दाबता फक्त उभा करा. खालच्या टोकाने लगेच पुन्हा धार लागते. स्पंज तोच, पाणी तेच, बदलली फक्त उंची. कुंडीतही हेच घडतं. पाणी निथळून गेल्यावरही तळाला एक थर पूर्ण भरलेलाच राहतो, आणि त्या थराची जाडी ठरते ती माध्यमाच्या कणांवरून. कण बारीक तितका थर जाड. कुंडी बुटकी असेल तर तो थरच निम्मी कुंडी खातो. म्हणून शेतात मोकळं वाटणारं कंपोस्ट पिशवीत चिखल होतं. तळाला खडी किंवा खापऱ्या घालायची आपल्याकडे जुनी रीत आहे, तिनेही हे सुटत नाही. तो ओला थर खडीच्या वर सरकतो आणि मुळांना उरलेली जागा आणखी कमी होते. माध्यम वाहून जाऊ नये म्हणून भोकावर एखादं खापर ठेवलंत तर हरकत नाही, तेवढंच पुरे.

सुरुवातीच्या वर्षांत माझ्या शेवंतीच्या तीनशे कुंड्या अशाच बसल्या होत्या. एक कुंडी उलटी करून काठ ठोकला, तर वरच्या दोन इंचांत पांढरीशुभ्र मुळं आणि खाली एकही नाही. खालचा गड्डा काळा, चिकट, आणि नासलेल्या अंड्यासारखा वास. पाणी कमी पडतंय असं समजून मी रोज आणखी पाणी देत होतो. तुम्हीही आज एक पिशवी फाडून बघा. मुळं कुठवर गेलीत ते डोळ्यांनी पाहिल्यावर निम्मं निदान तिथेच होतं.

हवा मोजायला प्रयोगशाळा लागत नाही. दोन लिटरची कुंडी घ्या, भोकं चिकटपट्टीने आतून बंद करा, तुमचं ओलसर माध्यम नेहमी भरता तसं भरा. कडेने हळूहळू पाणी सोडत ते काठोकाठ भिजवा, झाकून रात्रभर ठेवा, सकाळी कमी झालं असेल तर पुन्हा भरा. मग घमेल्यावर धरून भोकं मोकळी करा आणि तासाभरात निथळलेलं पाणी मापाने मोजा. जेवढं पाणी बाहेर आलं तेवढी हवा आत शिरली. दोन लिटरला १६० मिलि निघालं तर हवा ८ टक्के, म्हणजे मुळं गुदमरणार. ३०० ते ४०० मिलि निघालं तर १५ ते २० टक्के, कुंडीतल्या फुलांना हे छान. माध्यमशास्त्रात आदर्श म्हणून २० ते ३० टक्के हवा सांगतात, पण आपल्या एप्रिल-मेच्या झळांत इतकं मोकळं माध्यम दिवसातून तीनदा पाणी मागतं. भुसावळ-जळगावकडे पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा मी १५ ते १८ वरच थांबतो.

हवा वाढवायचा पहिला उपाय फुकटचा आहे: चाळणी. लोक कंपोस्ट एकाच चाळणीने चाळतात आणि खाली पडलेलं सगळं चांगलं समजतात. तुम्ही दोन चाळण्या करा. बारा मिलिमीटरच्या जाळीवर जे राहतं, त्या काड्या नव्या ढिगात परत टाका. त्यांच्यावर जीवाणू तयार असतात, नवा ढीग लवकर तापतो. जे खाली पडलं ते दोन मिलिमीटरच्या जाळीवर पुन्हा चाळा. खाली पडलेली काळी भुकटी दिसायला सगळ्यात सुंदर, हाताला मऊ, आणि कुंडीचा घात करणारी तीच. ती भाजीच्या वाफ्याला द्या, केळीला द्या. मधला जो रवाळ भाग उरतो तो तुमचं माध्यम. सगळी भुकटी काढून टाकू नका, पाणी धरायला थोडी हवीच. चार घमेली रवाळ भागाला एक घमेलं भुकटी मी परत मिसळतो.

इथेच ट्रॉलीतून येणाऱ्या मालाकडेही बघावं लागतं. झाडूने ओढलेला पाला असेल तर त्यात पाव हिस्सा माती आणि रेती असते, आणि आपली काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की आवळते. पिशवी जड होते ती त्यामुळेच. कॉलनीच्या माळ्याला सांगून छाटणी आणि गवत वेगळं, झाडलोट वेगळी ठेवायला लावा. झाडलोटीचं खत जमिनीत जाऊ द्या.

दुसरा उपाय म्हणजे जाड, लवकर न कुजणारी वस्तू मिसळणं. नवापूरकडे भात होतो, तिकडच्या गिरण्यांचा तूस आपल्याला जवळ पडतो. तुसात सिलिका भरपूर असल्याने तो कुंडीत वर्षभर टिकतो. पाणी धरत नाही, पण जागा मोकळी ठेवतो, आणि कंपोस्टला नेमकं तेच हवं असतं. कच्च्या तुसात भाताचे दाणे राहतात आणि उगवतात, म्हणून आधी आठवडाभर भिजवून ठेवा, उगवायचं ते उगवून मरू द्या. काही जण तूस अर्धवट जाळून वापरतात. हलका आणि निर्जंतुक होतो खरा, पण सामू वर नेतो, आणि आपल्या कंपोस्टचा सामू आधीच वर असतो. त्यामुळे मी साधाच वापरतो. भुईमुगाची टरफलंही चालतात, फक्त ती ढिगात घालून एक ताप काढून घ्या, थेट नकोत, त्यांच्याबरोबर बुरशी येते.

पण माझा सगळ्यात जास्त जीव जडलाय तो पऱ्हाटीवर. परदेशात कुंडीच्या माध्यमाला पाइनची साल कुजवून वापरतात. आपल्याकडे पाइन कुठला, पण कपाशीची पऱ्हाटी, म्हणजे वेचणीनंतर उरलेली वाळकी झाडं, गावोगाव बांधावर रचलेली असते. गुलाबी बोंडअळी त्यातच मुक्काम करते म्हणून वेचणी संपली की पऱ्हाटी शेतात ठेवू नका, असं कृषी खातं दरवर्षी सांगतं. श्रेडरमधून तिचे सहा ते दहा मिलिमीटरचे तुकडे करून घ्या. हे निव्वळ लाकूड आहे, कच्चं घातलं तर कुजण्यासाठी रोपाच्या तोंडचं नत्र ओढून घेतं. म्हणून घनमीटरला साधारण दोन किलो युरिया पाण्यातून शिंपडून, तुमच्या जुन्या कंपोस्टची दोन-चार घमेली मिसळून चार महिने ढीग लावा. ढीग तापला पाहिजे, पालटला पाहिजे. तयार तुकडा तपकिरी-काळा दिसतो, नखाने दाबला तर दबतो पण भुगा होत नाही. हा तुकडा तुमच्या कंपोस्टमध्ये पाव हिस्सा पडला की पिशवी बसायची थांबते.

उसाचं पाचट, बगॅस यांच्या नादी लागू नका, दोन महिन्यांत कुजून पिशवी अर्धी होते. औष्णिक केंद्राची राख फुकट मिळते म्हणून काही जण मिसळतात. ती पिठासारखी बारीक असते, सामू चढवते आणि तिच्यात बोरॉन असतो. फुलांच्या कुंडीत तिला जागा नाही.

आता क्षार. कडा करपणं हे तुमच्या तक्रारीतलं मला सगळ्यात बोलकं लक्षण वाटलं. बागेच्या कचऱ्यात, विशेषतः हिरव्या पानांत आणि गवतात, पालाश (पोटॅशियम) खूप असतो. ढीग कुजताना पाच घमेल्यांचं दोन घमेली होतं, कर्ब हवेत उडून जातो आणि क्षार मात्र सगळे आत राहतात. त्यात कुणी केळीचे खांब टाकले असतील तर विचारूच नका. रावेर-यावलकडे मी पाहिलंय, ढीग पटकन ओला आणि गार राहतो म्हणून लोक केळीची खोडं चिरून घालतात. खोडात नव्वद टक्क्यांच्या वर पाणीच, आणि उरलेल्यात पालाश ठासून भरलेला. शेताच्या खतासाठी ते सोनं आहे. फुलांच्या माध्यमाच्या ढिगात दहा टोपल्यांना एकीपेक्षा जास्त नको.

ईसी मीटर आता परवडतो, गटाने मिळून एक घ्याच. मोजायची पद्धत अशी: एक वाटी कंपोस्ट, दोन वाट्या पावसाचं किंवा आरओचं पाणी, ढवळून अर्धा तास ठेवा, गाळा, मोजा. या १:२ पद्धतीत ०.२५ ते ०.७५ आलं तर लहान रोपांना योग्य, ०.७५ ते १.२५ मोठ्या रोपांना ठीक, १.७५ च्या पुढे बहुतेक फुलं कडा करपून दाखवतात. तुमचं निव्वळ कंपोस्ट २ च्या पुढे निघेल असा माझा अंदाज आहे. वर सांगितलेला सरकारी आकडा वेगळ्या कामासाठी आहे आणि वेगवेगळ्या प्रमाणात पाणी घालून काढलेले आकडे जुळत नाहीत, म्हणून आकड्याला आकडा लावू नका. आणि मोजायच्या पाण्यासाठी बोअर नको. तुमच्या बोअरचं पाणीही त्याच मीटरने मोजा. तेच १ च्या वर असेल तर माध्यम कितीही सुधारलं तरी दर पाण्याला क्षार वाढतच राहणार, मग पाणीच बदलावं लागेल. छपराचं पावसाचं पाणी टाकीत साठवून ते निदान ट्रेमधल्या रोपांसाठी राखा.

क्षार धुवायला मात्र आपल्याकडे पावसाइतकं स्वस्त आणि गोड पाणी दुसरं नाही. पूर्ण कुजलेलं कंपोस्ट उताराच्या ओट्यावर दीड-दोन फूट जाडीने पसरून जून ते ऑगस्ट उघडं ठेवा. अट एकच, कुजणं पूर्ण झालेलं हवं. कुजत असलेला ढीग पावसात ठेवला तर गार पडतो आणि सडतो, त्याला ताडपत्री लागतेच. ओट्यावरून निथळणारं चहाच्या रंगाचं पाणी नालीत सोडू नका, त्यात पालाश आहे. चर काढून केळीकडे किंवा नारळाकडे वळवा. पावसाची वाट बघणं शक्य नसेल तर घनमीटरला दीड ते दोन हजार लिटर पाणी तीन हप्त्यांत, प्रत्येक हप्ता निथळू देऊन, झारीने द्या. एकदम ओतलं तर ते फटींतून निघून जातं आणि क्षार जागेवर राहतात.

सामूसाठीही पावसाळाच गाठायचा. बागेच्या कंपोस्टचा सामू बहुतेक वेळा ७.५ ते ८.५ येतो, फुलांना माध्यमात हवा ५.५ ते ६.५. इतक्या वरच्या सामूत लोह असूनही मुळाला मिळत नाही. पिटुनिया याबाबतीत फार नाजूक. कोवळं पान पिवळं आणि शिरा हिरव्या, हे तिचं ठरलेलं रडगाणं. तुमच्या पिवळ्या शेंड्यांचं कारण हेच असणार. यासाठी गंधक वापरा, घनमीटरला एक ते दीड किलो भुकटी. गंधक स्वतः काही करत नाही. मातीतले जीवाणू त्याचं हळूहळू आम्ल करतात, त्याला ओल, ऊब आणि चार ते सहा आठवडे लागतात. त्या आम्लाचे शेवटी क्षारच होतात. लावणीच्या तोंडावर गंधक घातलं तर सामू उतरत नाही आणि ईसी मात्र चढते. म्हणून मी जूनच्या पहिल्या आठवड्यात, ओट्यावर पसरतानाच गंधक मिसळतो आणि सोबत घनमीटरला एक किलो जिप्सम. जिप्सममधला कॅल्शियम पालाश आणि सोडियमला कणांवरून ढकलतो, पाऊस त्यांना वाहून नेतो, गंधकाचे क्षारही त्याच पाण्याबरोबर जातात. एका पावसाळ्यात तिन्ही कामं.

एक सावधगिरी. युरोपातल्या पाककृतींत माध्यमात चुना किंवा डोलोमाइट घाला असं हटकून लिहिलेलं असतं. त्यांचा पाया म्हणजे पीट (दलदलीतलं अर्धवट कुजलेलं शेवाळ, आपलं कोकोपीट नव्हे), आणि पीट आंबट असतं, सामू ४ च्या आसपास. त्यांना चुना हवाच. आपल्या कंपोस्टमध्ये चुना म्हणजे आगीत तेल. लाकडाची राख आणि कोळशाची भुकटी यांचंही तेच.

कुजणं पूर्ण झालं की नाही हे वासावरून ठरवू नका. वास मातीसारखा येऊनही कंपोस्ट अर्धकच्चं असू शकतं. मी दोन चाचण्या करतो. ओलसर कंपोस्ट प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून, हवा दाबून काढून, तीन दिवस सावलीत बंद ठेवतो. उघडल्यावर आंबट किंवा अमोनियाचा वास नाकात गेला तर अजून महिनाभर ढीग. दुसरी चाचणी हळिवाची, जे बाळंतिणीच्या लाडवात घालतो तेच. एक वाटी कंपोस्ट पाच वाट्या पाण्यात कालवून सुती फडक्याने गाळा. दोन ताटल्यांत टिश्यू पेपर, एकीत हे पाणी, दुसरीत साधं गोड पाणी, दोन्हींत पंचवीस-पंचवीस हळीव. झाकून ठेवा. काही वेळातच प्रत्येक दाण्याभोवती बुळबुळीत पारदर्शक कवच चढतं, दुसऱ्या दिवशी पांढरं टोक बाहेर येतं. तिसऱ्या दिवशी उगवलेले दाणे मोजा आणि मुळं फूटपट्टीने मोजा. उगवलेले दाणे गुणिले सरासरी मूळ, हा हिशेब साध्या पाण्याच्या ऐंशी टक्क्यांवर गेला तर कंपोस्ट पास. निम्म्याखाली असेल, मुळांची टोकं तपकिरी असतील, तर काहीतरी विषारी आहे. ते क्षार की कच्चेपण हे ओळखायला तेच कंपोस्ट थोडं धुऊन पुन्हा लावा. धुतल्यावर पास झालं तर क्षार, तरीही नापास तर कच्चं.

कडुनिंब, निलगिरी आणि आंब्याचा पाला ढिगात जास्त असेल तर ही चाचणी कधीच टाळू नका. लॉनवर कुणी तणनाशक मारलं असेल तर ते गवत मुळीच घेऊ नका. २,४-डी चा उडालेला फवारा कपाशीची पानं कशी पंजासारखी करतो ते खान्देशात कुणाला सांगायला नको, तशीच झेंडूची होतील. आणि गाजर गवत फुलावर यायच्या आधीचंच घ्या.

ढिगाबद्दल दोनच शब्द, कारण ते तुम्हाला जमतंय. कोरडा पाला तीन टोपल्या, हिरवं गवत एक टोपली, ओल मुठीत दाबल्यावर बोटांच्या फटीत दिसेल पण टपकणार नाही इतकी, उंची पाच फूट. आतलं तापमान ५५ अंशांवर जाऊन तिथे किमान तीन दिवस राहिलं पाहिजे, आणि पालटताना बाहेरचा थर आत गेला पाहिजे, नाहीतर कडेचं तणाचं बी जिवंत राहतं. आपल्याकडे ढीग मरतो तो बहुधा कोरडा पडून. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) उन्हात वरचा फूटभर थर दोन दिवसांत खडखडीत होतो. शेडनेट आणि वर केळीची पानं, बाकी काही नको. पानगळीचा पाला जानेवारी-फेब्रुवारीत ढिगाला लावलात तर आखाजीपर्यंत कुजून मुरायला लागतो, जूनमध्ये ओट्यावर जातो, कानबाई (श्रावणातला आपला खान्देशी सण) होऊन गेली की ताडपत्री टाकून निथळू द्यायचं आणि भाद्रपदात मिश्रण. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या पिटुनिया, साल्विया, ॲस्टरला ते बरोबर गाठतं. दसऱ्याच्या झेंडूची लावण जुलै-ऑगस्टमध्ये असते, त्याला मागच्या वर्षीचा साठा वापरा.

मिश्रण मी मापाने करतो, वजनाने नाही. कुंडी-पिशवीसाठी धुतलेलं रवाळ कंपोस्ट चार घमेली, कोकोपीट तीन, पऱ्हाटीचे कुजलेले तुकडे दोन, तूस एक. दहा घमेली घातली म्हणजे दहा भरतील असं समजू नका. बारीक जाडाच्या फटीत शिरतं, साडेआठ-नऊच भरतात. पिशव्यांचा हिशेब त्यावर धरा. कोकोपीटची पाच किलोची वीट भिजल्यावर साधारण सत्तर लिटर होते. विकत घेताना 'धुतलेलं' मागा आणि तेही मीटरने तपासा. न धुतलेल्या कोकोपीटमध्ये मीठ असतं, एक खारट दुसऱ्या खारटात मिसळून उपयोग नाही. ट्रेमधल्या बियाण्यासाठी मात्र कंपोस्ट दहा घमेल्यांत एकाच्या वर नको, बाकी कोकोपीटच. म्हणूनच म्हटलं, पूर्ण बंद होणार नाही. गांडूळखत आवडत असेल तर कंपोस्टच्या जागी एखादं घमेलं घाला, जास्त नको, ते फार बारीक असतं.

फुलाफुलांत फरक आहे. झेंडू आणि शेवंती कंपोस्टचा निम्मा हिस्साही पचवतात. पिटुनिया चाळीस टक्क्यांपर्यंत, लोह सांभाळून. तेरडा क्षार सोसत नाही आणि सदाफुलीला ओली मुळं व चढा सामू दोन्ही नको, त्यांना पाव हिस्सा. जरबेरा क्षार आणि सामू दोन्हींना इतका नाजूक की मी त्याच्या कुंडीत हे माध्यम वापरतच नाही.

अन्नाचं काम आता सोपं. कंपोस्टात स्फुरद आणि पालाश भरपूर उरलेलं असतं, धुण्यात गेलेलं असतं ते नत्र. म्हणून १९:१९:१९ ची (नत्र, स्फुरद, पालाश सारखं असलेल्या विद्राव्य खताची) गरज नाही. लावणीनंतर दुसऱ्या आठवड्यापासून कॅल्शियम नायट्रेट लिटरला एक ग्रॅम, आठवड्यातून एकदा. पालाश जास्त असलेल्या माध्यमात मॅग्नेशियम अडतं, म्हणून मॅग्नेशियम सल्फेट लिटरला एक ग्रॅम, पंधरा दिवसांतून एकदा, पण वेगळ्या दिवशी. दोन्हींचं दाट द्रावण एकत्र केलं तर टाकीत जिप्समची साय बसते आणि ठिबकचे ड्रिपर बंद पडतात. पाणी देताना दर वेळी दहा-पंधरा टक्के खालून निथळेल इतकं द्या, साचलेले क्षार बाहेर पडत राहतात. आणि माध्यम कधी पूर्ण वाळू देऊ नका. कंपोस्ट आणि कोकोपीट एकदा कोरडं झालं की पाणी झिडकारतं, कडेने निघून जातं आणि मधला गड्डा कोरडाच राहतो. तसं झालं तर पिशव्या टबात ठेवून खालून भिजवा.

राहिल्या तुमच्या आत्ता उभ्या असलेल्या पिशव्या. त्यांना पुढचे दहा दिवस कोणतंही खत देऊ नका. पिशवीला खालच्या कडेला चार भोकं आणखी पाडा. दोन दिवसांआड तीन वेळा, पिशवीत जेवढं माध्यम आहे तेवढंच गोडं पाणी हळूहळू सोडून निथळू द्या, आणि शेवटच्या वेळी निथळलेल्या पाण्याची ईसी मोजा. ती १.५ च्या खाली आली की पिवळ्या पिटुनियाला लोहाचं ईडीडीएचए चिलेट (चढ्या सामूतही मुळाला लोह मिळू देणारं रूप) लिटरला पाव ते अर्धा ग्रॅम मुळाशी द्या. दुकानदार ईडीटीए पुढे करेल, ते स्वस्त पडतं, पण सामू साडेसहाच्या पुढे गेला की ते तुटतं आणि पैसे वाया जातात. पानांवर थेंब उडाले तर लगेच धुवा, डाग पडतात. आठ-दहा दिवसांत नवीन पान हिरवं निघायला हवं. जुनी करपलेली पानं सुधारणार नाहीत, ती खुडून टाका. खाली बसलेल्या पिशव्यांत वरून कंपोस्टची भर घालू नका, खोड झाकलं जाऊन कुजतं. ज्यांची मुळं अजून वरच्या थरात पांढरी आहेत तेवढी रोपं गड्ड्यासह उचलून, खालचा काळा भाग हाताने काढून, वर सांगितलेल्या मिश्रणात लावा. ज्यांच्यात पांढरं मूळ दिसतच नाही त्यांच्यावर वेळ घालवू नका. त्या पिशव्यांतलं कंपोस्ट रोगट मुळं काढून नव्या ढिगाच्या पोटात घाला, पुढच्या जूनमध्ये ते ओट्यावर येईल.